फळांवरचे नैसर्गिक लेप आणि बुरशी: नेमकं काय थांबतं आणि काय थांबत नाही?

रानवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

'फळांना नैसर्गिक लेप लावा, बुरशी लागणार नाही' अशा अर्थाचं लिखाण सध्या सगळीकडे दिसतं. कोणी कोरफड सुचवतं, कोणी मेण, कोणी दालचिनीचं तेल. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. इथे फळबागवाले आहेत, प्रयोगशाळेत काम करणारे आहेत, त्यांनी भर घालावी आणि चुकत असेल तिथे टोकावं.

फळ तोडल्यावरही जिवंत असतं. त्याचं श्वसन चालू असतं, सालीतून बाष्प जात असतं, ते पिकत असतं. कच्च्या फळाच्या सालीत बुरशीला अटकाव करणारी द्रव्यं असतात. पिकताना ती घटतात, साल मऊ पडते, साखर वाढते आणि बुरशीला हवं ते सगळं एकदमच मिळतं. म्हणजे पिकण्याचा वेग मंदावला तर बुरशीलाही थांबावं लागतं. लेपाच्या यशातला मोठा वाटा या एका गोष्टीचा असतो आणि नेमकी तीच बहुतेक लेखांत सुटलेली दिसते.

मुळात फळाला स्वतःचं मेण असतंच. द्राक्षं, आलुबुखार, ब्लूबेरी यांच्यावरचा पांढुरका थर बघा. आपण फळं खसाखसा धुतो, पुसतो, तेव्हा तो जातो. बाहेरून मेण चढवण्याची युक्तीही नवी नाही. चीनमध्ये १२व्या-१३व्या शतकात संत्र्यांवर मेण चढवत असल्याचे उल्लेख आहेत. व्यापारी प्रमाणावर हे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झालं.

आज वापरात असलेल्या लेपांचा ढोबळ स्वभाव असा. मधमाश्यांचं मेण आणि ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण पाणी चांगलं अडवतात. लाखेने चकाकी येते, पण ती हवेची ये-जा फार रोखते. डिंक, अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचं), स्टार्च, कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासूनचं) हे शर्करावर्गीय लेप ऑक्सिजनला बऱ्यापैकी अडवतात, पण बाष्पापुढे त्यांचं फारसं चालत नाही. म्हणून जाणकार डिंकात किंवा कायटोसानात थोडं मेण किंवा तेल घोटून मिश्रण करतात.

यातल्या बहुतेकांना बुरशी मारता येत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. मेण भेगा बुजवतं, सुकणं कमी करतं, आणि तेवढंच करतं. कायटोसान त्याला अपवाद आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. त्यामुळे 'कोणता लेप चांगला' या प्रश्नाला सुटं उत्तर नाही. फळ कोणतं, बुरशी कोणती आणि ती फळात शिरली कधी, हे आधी कळायला हवं.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

---

पानगळ

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे. कायटोसानबद्दल सविस्तर येऊ द्या.

---

तंतुजाल

रानवाराताई, 'बुरशी शिरली कधी' हा मुद्दा घेतलात ते फार बरं केलंत. वनस्पतिरोगशास्त्र हाच माझा रोजचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

फळ सडवणाऱ्या बुरशांच्या दोन तऱ्हा लक्षात ठेवा. पहिलीला दार उघडं लागतं. संत्र्या-मोसंब्यावरची हिरवी बुरशी (पेनिसिलियम डिजिटॅटम), निळी बुरशी (पेनिसिलियम इटॅलिकम) आणि सफरचंदावरची निळी बुरशी (पेनिसिलियम एक्स्पान्सम) या तऱ्हेच्या. साल धड असेल तर त्यांच्या बीजाणूंचं (बुरशीच्या बीजासारख्या सूक्ष्म कणांचं) काही चालत नाही. नखाचा ओरखडा, काट्याचं टोचणं, टोपलीच्या काडीचा घासा, एवढं त्यांना पुरतं.

दुसरी तऱ्हा स्वतः दार फोडते. आंबा, पपई, अवोकॅडो यांवर करपा आणणारी कोलेटोट्रिकम घ्या. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तिचे बीजाणू कोवळ्या फळावर पडतात, ओलाव्यात रुजतात, एक चिकट गाठ तयार करतात आणि त्या गाठीतून बारीक खुंटी काढून सालीवरचा पापुद्रा भेदतात. मग गप्प बसतात. फळ हिरवं असेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. फळ पिकायला लागलं की काळे डाग उमटतात आणि आपल्याला वाटतं रोग काल आला. प्रत्यक्षात तो झाडावर असतानाच आत शिरलेला असतो. अवोकॅडोच्या सालीत एक बुरशीरोधक तैलद्रव्य असतं. ते पिकताना घटतं आणि तेव्हाच ही दबा धरून बसलेली बुरशी जागी होते. आंब्याच्या देठाकडची कूजही अशीच. तिची बुरशी देठाच्या आतल्या भागात राहत असते.

आता लेप लावायचा तर पहिल्या तऱ्हेवर तो जखमेच्या तोंडाशी काम करू शकतो, तेही बीजाणू रुजण्याआधी लागला तर. दुसऱ्या तऱ्हेवर बाहेरून लावलेलं मेण थेट काहीच करू शकत नाही. ते फक्त पिकणं लांबवून बुरशीला ताटकळत ठेवतं.

---

बीजांकुर

तंतुजाल, मग आंब्याच्या करप्यावर लेपाचा उपयोग नाही असं म्हणायचं का?

---

तंतुजाल

आहे, पण जोडीला दुसरं काहीतरी लागतं. ५२ ते ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटं फळ बुडवलं तर सालीखालची बुरशी बरीचशी मरते किंवा खिळखिळी होते. नंतर फळ थंड करायचं, पूर्ण कोरडं करायचं आणि मग लेप. गरम पाण्यात फळावरचं नैसर्गिक मेणही वितळून विस्कटतं, त्यामुळे नंतरचा लेप ती उणीवही भरून काढतो. तापमानाला मात्र जपा. दोन-चार अंश जास्त झाले तर साल भाजते, कमी पडले तर बुरशी जगते. जातीजातीत फरक असतो, म्हणून सगळा माल बुडवण्याआधी थोड्या फळांवर करून पाहावं.

---

रानवारा (धागाकर्ती)

आता कायटोसान.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचात कायटिन असतं. १८११ साली फ्रान्सच्या आंरी ब्राकोनो यांनी ते प्रथम वेगळं केलं, तेही अळंब्यांमधून. १८५९ मध्ये शार्ल रूजे यांनी ते तीव्र अल्कलीत उकळलं आणि आम्लात विरघळणारं रूप मिळवलं. तेच आजचं कायटोसान.

फळांवरच्या वापराला जोर आला तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. कॅनडातल्या लवाल विद्यापीठाच्या संशोधकांनी स्ट्रॉबेरीवर कायटोसानचा लेप देऊन करडी बुरशी आणि ऱ्हायझोपस नावाची बुरशी यांची कूज कमी होते हे दाखवलं.

ते तीन बाजूंनी काम करतं. एक म्हणजे पापुद्रा तयार होऊन श्वसन मंदावतं. दुसरं, आम्लात विरघळल्यावर त्याच्या रेणूंवर धन विद्युतभार येतो. बुरशीच्या पेशीपटलावर ऋण भार असतो. दोन्ही चिकटतात आणि पेशीतला ऐवज बाहेर झिरपायला लागतो. तिसरं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. कायटिन हा बुरशीच्या पेशीभित्तिकेचाच घटक असल्यामुळे कायटोसान सालीला लागलं की फळाला हल्ला झाल्यासारखं वाटतं आणि ते कायटिनेज, ग्लुकानेज अशी बुरशीच्या भिंती तोडणारी विकरं (एन्झाइम) स्वतःच तयार करू लागतं. म्हणजे लेप फळाच्या आतल्या बचावालाही हाक देतो. तंतुजालांनी सांगितलेल्या दुसऱ्या तऱ्हेच्या बुरशीवर साध्या मेणापेक्षा कायटोसान बरं पडतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

---

सालपट

शंका: कवचापासून केलेलं म्हणजे शाकाहारी माणसाने खाऊ नये ना? आणि ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांचं काय?

---

रानवारा (धागाकर्ती)

@सालपट, रास्त शंका आहे. बुरशी आणि अळंबी यांच्यापासून केलेलं कायटोसानही मिळतं, ते शाकाहारी माणसाला चालावं. वेष्टनावर स्रोत लिहिलेला असतो, नसेल तर विचारा. लाखसुद्धा कीटकजन्य आहे हे अनेकांना माहीत नसतं. वेष्टनावर ई-९०१ म्हणजे मधमाश्यांचं मेण, ई-९०३ कार्नोबा, ई-९०४ लाख. कार्नोबा पूर्ण वनस्पतिजन्य.

ॲलर्जी मुख्यतः कवचधारी प्राण्यांच्या प्रथिनांची असते आणि शुद्ध कायटोसानात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. तरीही ज्यांना तीव्र ॲलर्जी आहे त्यांनी धोका का पत्करावा? शिवाय फळ दुसऱ्याला देणार असाल तर लेप कशाचा आहे ते सांगणं ही आपली जबाबदारी.

---

बांधावरून

मी बागायतदार, तेव्हा माझं म्हणणं झाडाच्या बाजूने.

लेपावर इतकी चर्चा चालते, पण बुरशीची निम्मी लढाई काढणीच्या वेळी जिंकली किंवा हरली जाते. लिंबूवर्गीय फळ ओढून तोडलं की देठाजवळ साल फाटते. कैचीने दोनदा कापायचं, एकदा फांदीपासून आणि मग देठ फळाच्या खांद्याला लागून, म्हणजे एका फळाचा देठ दुसऱ्याला टोचत नाही. पहाटे दव असताना संत्री तोडू नका. तेव्हा साल पाण्याने ताठलेली असते आणि जरा दाबलं तरी तिच्यातल्या तेलाच्या पिशव्या फुटतात. फुटलेल्या जागी साल करपते आणि बुरशीला वाट मिळते.

दुसरं, सडकं फळ ढिगात ठेवू नका. हिरव्या बुरशीच्या एका फळावर बीजाणूंची इतकी पूड असते की क्रेट हलवला की ती सगळीकडे उडते. क्रेट धुतला नाही, हौदाचं पाणी बदललं नाही, तर कितीही भारी लेप आणा. घाणेरड्या पाण्यात फळ बुडवून वर लेप लावणं म्हणजे बीजाणू आत कोंडून वरून झाकण लावणं.

---

तंतुजाल

बांधावरून यांना पूर्ण अनुमोदन. हिरवी आणि निळी बुरशी ओळखायची खूणही सांगून ठेवतो, कारण उपाय ठरवताना ती लागते.

आधी सालीवर एक पाणथळ, मऊ ठिपका दिसतो. बोटाने दाबलं तर साल आत दबते. मग मधोमध पांढरं तंतुजाल उगवतं आणि काही काळाने त्याच्या मध्यातून रंग भरू लागतो. हिरव्या बुरशीत तो रंग ऑलिव्ह हिरवा असतो आणि भोवती पांढरा पट्टा रुंद राहतो. निळ्या बुरशीत निळसर पुडीभोवतीचा पांढरा पट्टा अगदी अरुंद असतो. सडलेल्या फळावर वाढलेली निळी बुरशी शेजारच्या धड फळालाही नुसत्या स्पर्शाने धरते, म्हणून पेटीत ती घोळक्याने दिसते. थंड साठवणीतही ती हिरवीपेक्षा जास्त तग धरते. त्यामुळे दीर्घ साठवणीच्या मालात निळीची काळजी जास्त.

लिंबूवर्गीय फळांत लेपाआधी खाण्याच्या सोड्याचं २-३ टक्क्यांचं द्रावण वापरायची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. द्रावण कोमट असेल तर गुण जास्त. सोडा बीजाणूंना रुजू देत नाही, पण त्याचा परिणाम टिकाऊ नाही. नंतर साध्या पाण्याने हलकं विसळून फळ वाळवावं, नाहीतर सालीवर क्षाराचे डाग राहतात आणि फळ जास्त सुकतं.

---

कोवळे ऊन

कोरफडीबद्दल कोणी लिहिलंच नाही. कुंडीतलं पान कापून गर थेट फळाला चोळला तर?

---

रानवारा (धागाकर्ती)

@कोवळे ऊन, कोरफडीवर खरोखर चांगलं काम झालंय. स्पेनमधल्या संशोधकांनी २००५च्या सुमारास द्राक्षांवर आणि नंतर चेरीवर गराचा लेप वापरला. फळांचं वजन कमी घटलं, देठ हिरवे राहिले आणि वरची सूक्ष्मजीवांची संख्याही घटली.

पण पान कापून थेट चोळू नका. कापल्यावर सालीलगत पिवळा कडू चीक येतो, तो रेचक असतो. पान उभं ठेवून तो निथळू द्यायचा, मग साल काढून फक्त पारदर्शक गर घ्यायचा, घोटायचा, गाळायचा, हलकं गरम करून थंड करायचा. कच्चा गर पटकन खराब होतो. त्यात शर्करा असते, त्यामुळे आंबलेला गर फळाला लावला तर सूक्ष्मजीवांना आयतं खाद्यच मिळेल. ताजा करा, लगेच वापरा. बुरशी रोखण्याची ताकद कायटोसानपेक्षा कमी आणि पानापानागणिक वेगळी असते, ही माझी कोरफडीबद्दलची मुख्य तक्रार.

---

बीजांकुर

आणि लवंग, दालचिनी, ओवा यांची तेलं? काचेच्या बशीत तर ती बुरशी साफ मारतात.

---

तंतुजाल

बशीत मारतात हे खरंच. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, तिन्ही जबर बुरशीनाशक आहेत. फळावर तीन अडचणी येतात. तेल उडून जातं, म्हणून ते लेपात कोंडावं लागतं. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि जिथे थेंब बसेल तिथे सालीवर तपकिरी चट्टा पडतो. आणि बुरशी थांबेल इतकी मात्रा घेतली तर फळाला मसाल्याचा वास येतो. तेल अतिसूक्ष्म थेंबांत फोडून कायटोसानात किंवा अल्जिनेटात अडकवलं तर कमी मात्रेत काम भागतं, त्या दिशेने खूप संशोधन चालू आहे. घरी मात्र शुद्ध तेल फळावर थेट लावू नका आणि त्वचेलाही लागू देऊ नका.

---

सालपट

घरी किंवा छोट्या बागेत करून पाहण्यासारखी कायटोसानची कृती कोणी देईल का?

---

रानवारा (धागाकर्ती)

देते. एक टक्क्याचं द्रावण धरू.

कायटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही, आम्ल लागतं. पाच टक्के आम्लता असलेला पांढरा व्हिनेगर एक भाग आणि पाणी चार भाग घेतलं की साधारण एक टक्का ॲसेटिक आम्ल मिळतं. एक लिटर अशा पाण्यात खाद्य दर्जाचं १० ग्रॅम कायटोसान हळूहळू भुरभुरवत ढवळा. एकदम टाकलं तर वरून बुळबुळीत आणि आतून कोरड्या अशा गाठी होतात आणि त्या सुटता सुटत नाहीत. पुरतं विरघळायला बरेच तास लागतात, रात्रभर ठेवलं तरी चालतं. मग पातळ कापडातून गाळा. द्रावण मधासारखं नको, बोटावरून सहज ओघळणारं हवं. पापुद्रा तडकू नये म्हणून अगदी थोडं खाद्य ग्लिसरिन घालतात.

फळं आधी स्वच्छ आणि पूर्ण कोरडी. दीड-दोन मिनिटं बुडवा, जाळीवर निथळू द्या आणि पंख्याखाली वाळवा. वाळवण्यात घाई केली तर सगळं फुकट. ओली फळं एकावर एक रचली की जिथे ती टेकतात तिथे लेप उखडतो आणि नेमकी तिथूनच कूज सुरू होते.

तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, ही माझी हात जोडून विनंती. एकाच झाडाची, एकाच दिवशी काढलेली, सारख्या आकाराची फळं तीन गटांत वाटा. एक गट तसाच, दुसरा फक्त व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलेला, तिसरा लेपाचा. दुसरा गट लोक हमखास विसरतात आणि मग आम्लाचा गुण लेपाच्या नावावर जमा होतो. फळांवर क्रमांक टाका, वजनं लिहा आणि शेवटी फळं कापून वास घ्या.

---

पानगळ

वास कशासाठी?

---

बांधावरून

लेप जाड झाला की फळ गुदमरतं. आत ऑक्सिजन फार कमी झाला की ते आंबवण्याच्या मार्गाने ऊर्जा मिळवू लागतं, अल्कोहोल आणि ॲसेटाल्डिहाइड साठतं. बाहेरून फळ चकचकीत, आतून आंबूस. लाखेचा जाड थर दिलेली संत्री उबदार जागेत ठेवली की हे हमखास होतं. दहा अंशांनी तापमान वाढलं की श्वसन दुपटी-तिपटीने वाढतं, म्हणजे थंडीत पुरेशी हवा देणारा लेप उन्हाळ्यात गळा आवळतो. चकाकीच्या मागे लागू नका. लेप दिसला नाही तरी चालेल, फळ तगलं पाहिजे.

---

तंतुजाल

याला जोडून, थंडीतून काढलेली फळं उघड्यावर आणली की त्यांना घाम येतो. लाखेचा लेप असेल तर तो त्या पाण्याने पांढुरका पडतो. लोकांना ती बुरशी वाटते आणि चांगली फळं फेकली जातात. तसंच कायटोसान सगळ्या बुरशांवर सारखं चालत नाही. ज्यांच्या पेशीभित्तिकेत मुळातच कायटोसान असतं त्या ऱ्हायझोपसच्या गटातल्या बुरशा तुलनेने कमी दाद देतात. तिथे थंडीच जास्त कामी येते, ऱ्हायझोपसला गारवा सोसत नाही.

---

कोवळे ऊन

एक बाजूचा प्रश्न. लेप असलेल्या फळाचा एक कोपरा सडला तर तेवढा कापून बाकीचं खावं का?

---

तंतुजाल

खाऊ नये असंच सांगेन. सफरचंदावरची निळी बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते डागाच्या पलीकडेही पसरू शकतं आणि उकळल्याने पूर्णपणे जात नाही. सफरचंदाच्या रसासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) कमाल मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, त्यावरून लक्षात यावं. लेप विष काढत नाही, बुरशीला उशीर करतो इतकंच.

---

बीजांकुर

माझ्याकडे स्ट्रॉबेरी आहे. ती धुतली की खराब होते, मग बुडवायची कशी? आणि करडी बुरशी शून्य अंशालाही वाढते म्हणतात.

---

तंतुजाल

वाढते, सावकाश का होईना. स्ट्रॉबेरीत करडी बुरशी (बोट्रायटिस सिनेरिया) बहुधा फुलातूनच शिरते. गळत्या पाकळ्या आणि सुकलेले पुंकेसर यांवर ती बसते आणि फळ पिकेपर्यंत दबून राहते. म्हणून काढल्यावर बुडवण्यापेक्षा फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत कायटोसानच्या पातळ फवारण्या जास्त गुणकारी ठरतात. युरोपीय संघाने कायटोसान हायड्रोक्लोराइडला २०१४ मध्ये पीकसंरक्षणासाठी 'मूलभूत पदार्थ' म्हणून मान्यता दिली आहे. वाफ्यातलं सडकं फळ आणि सुकलेली फुलं वेचून बाहेर काढा, झाडांमध्ये वारा खेळू द्या, आणि काढलेली फळं लगेच गारव्यात न्या. काढणीनंतर लेप द्यायचाच असेल तर बुडवू नका, बारीक फवारा मारून वाऱ्यावर पटकन वाळवा.

---

सालपट

शेवटचा प्रश्न: उरलेलं कायटोसानचं द्रावण किती टिकतं?

---

रानवारा (धागाकर्ती)

झाकून फ्रिजमध्ये थोडे दिवस ठेवता येतं, पण ठेवल्याने रेणूंच्या साखळ्या तुटत जातात आणि द्रावण पातळ होतं. पहिल्या दिवशी चमच्यावरून कसं ओघळत होतं ते बघून ठेवा. ते स्पष्टपणे पातळ झालं असेल किंवा वास बदलला असेल तर फळांना लावू नका, झाडांच्या बुडाशीही ओतू नका कारण त्यात आम्ल आहे. भरपूर पाणी घालून सांडपाण्यात सोडा. आणि ज्या द्रावणात फळं एकदा बुडवली ते साठवूच नका. त्यात सालीवरचे बीजाणू उतरलेले असतात.